पटाआधी शिक्षकाचा मुक्काम पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कमी पटाच्या सरकारी प्राथमिक शाळा जवळच्या मोठ्या शाळेत विलीन करण्याचा विषय गोव्यात अधूनमधून डोके वर काढतो. २०२२ मध्ये त्यावरून बराच गदारोळ झाला, मग विषय थंडावला. चर्चा निघाली की विलीनीकरणाच्या बाजूने एक दाखला हटकून दिला जातो: कॅनडा, अलास्कासारख्या श्रीमंत मुलखांतही आदिवासींच्या दुर्गम वस्त्यांमधल्या शाळा धड चालत नाहीत, तर आमच्या सत्तरी-सांगेसारख्या डोंगराळ तालुक्यांत कशा चालणार? दाखला खरा आहे, पण अर्धाच सांगितला जातो. त्या शाळा कशामुळे अडखळतात हे पाहिले की निष्कर्ष उलटा निघतो. तिथे शिक्षक टिकत नाही आणि मुलाला फार लवकर घराबाहेर काढावे लागते. पट कमी असणे हे त्या मानाने किरकोळ दुखणे. विलीनीकरणाने यातले पहिले दुखणे बरे होत नाही आणि दुसरे आपण होऊन ओढवून घेतले जाते.

कॅनडाच्या उत्तर टोकाचा नूनावुत हा प्रदेश १ एप्रिल १९९९ रोजी वेगळा झाला. २०२१ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ३६,८५८ भरली, म्हणजे आपल्या काणकोण तालुक्याहून कमी. वस्त्या पंचवीस, आणि एका वस्तीतून दुसरीत जायला रस्ता नाही. माणसे विमानाने ये-जा करतात. जड सामान समुद्रावरचा बर्फ वितळला की जहाजाने येते, साधारण जुलै ते ऑक्टोबर. शाळेची बाके, वह्या, कागद, बॉयलरचे सुटे भाग, सगळ्याची यादी त्याआधी काही महिने द्यावी लागते. यादीतून एखादी वस्तू राहिली तर विमानाचे भाडे भरून आणा, नाहीतर पुढच्या वर्षीच्या जहाजाची वाट पाहा. कुगारुक वस्तीतली एकमेव शाळा मार्च २०१७ मध्ये जळाली, नवी इमारत सुरू व्हायला २०१९ उजाडले. बांधकामाचे सामानही त्याच जहाजांनी येते.

बहुतेक शिक्षक दक्षिणेकडच्या शहरांतून येतात. त्यांच्या करारात घर असते. बऱ्याच वस्त्यांत घराला नळ जोडलेला नसतो. पाण्याची टाकी असते, ती टँकर भरून जातो. सांडपाण्याची वेगळी टाकी असते, ती दुसरा टँकर उपसून नेतो. हिमवादळात टँकर अडकला की घर कोरडे पडते. शाळेचेही तेच: टाकी संपली किंवा हीटर बंद पडला की मुलांना घरी सोडण्यावाचून इलाज नसतो. ऑगस्टात आलेला नवखा शिक्षक पहिला काळोखा हिवाळा कसाबसा काढतो. काही जण नाताळच्या सुट्टीला म्हणून जातात ते परत येतच नाहीत. एक-दोन वर्षांत गाशा गुंडाळणारे तर पुष्कळ. मुलाला दरवर्षी नवा चेहरा, आणि त्या चेहऱ्याला मुलाची भाषा येत नाही.

मग स्थानिक शिक्षक का नेमत नाहीत, असे कोणीही विचारील. नेमतात, घडवतातही. नूनावुत आर्क्टिक कॉलेजचा शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम वस्त्यांमध्येच वर्ग भरवून चालवला गेला आहे, म्हणजे उमेदवाराला गाव सोडावे लागू नये. पण कर्मचाऱ्यांची घरे मुख्यतः बाहेरून आणलेल्या माणसांसाठी राखली जात आली. गावातच जन्मलेली इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ आदिवासी समाजातली, शिक्षिका सार्वजनिक गृहनिर्माणातल्या दाटीच्या घरात दोन-तीन पिढ्यांसोबत राहते, आणि त्या घराचे भाडे उत्पन्नाला बांधलेले असल्यामुळे पगार वाढला की भाडेही चढते. शिवाय दोन्ही भाषा उत्तम येणारा माणूस सरकारी कचेऱ्यांनाही हवाच असतो. त्यामुळे घडवलेल्या शिक्षकांतले बरेच जण फळा सोडून टेबलामागे जाऊन बसतात. एकीकडे घडवायचे आणि दुसरीकडे गळू द्यायचे, असा हा व्यवहार.

भाषेच्या कायद्याची गतही यातच अडकली. २००८ मध्ये नूनावुतने शिक्षण कायदा आणि इनुइट भाषा संरक्षण कायदा असे दोन कायदे केले. २०१९-२० पर्यंत बारावीपर्यंतचे शिक्षण इनुइट भाषेतून मिळण्याची सोय व्हायची होती. भाषा येणारे शिक्षक पुरेसे नव्हते, म्हणून २०२० मध्ये कायदा दुरुस्त करून ही मुदत टप्प्याटप्प्याने २०३९ पर्यंत लांबवली. २०२१ मध्ये इनुइटांची प्रातिनिधिक संस्था नूनावुत टुंगाविक याविरुद्ध न्यायालयात गेली.

या सगळ्याचे निदान थॉमस बर्जर या माजी न्यायाधीशांनी २००६ च्या अहवालातच करून ठेवले होते. चारातली तीन मुले शालान्त टप्पा पूर्ण करत नाहीत, असे त्यांनी नोंदवले. कारण म्हणून त्यांनी ज्या जागेवर बोट ठेवले, ती गोव्याच्या माणसाने दोनदा वाचावी: पहिली काही वर्षे घरच्या भाषेत शिकवायचे आणि चौथीच्या सुमारास एकदम इंग्रजीवर उडी मारायची. पायाची भाषा अर्धवट राहते, पुढची पक्की होत नाही.

आपल्याकडे वेगळे काय चालते? सरकारी प्राथमिक शाळा पहिली ते चौथी. मराठी किंवा कोकणी माध्यम. चौथी झाली की पाचवी बहुतेकांची इंग्रजी माध्यमात, आणि तीही दुसऱ्या गावच्या हायस्कुलात. म्हणजे शाळा, गाव, शिक्षक आणि भाषा, चारही गोष्टी एकाच जूनमध्ये बदलतात. गावडा, वेळीप, कुणबी किंवा धनगर घरातल्या मुलाच्या घरची बोली तर पाठ्यपुस्तकातल्या मराठीहूनही निराळी असते. आम्ही मराठी माध्यमाचे पक्के समर्थक आहोत, पण ही पायरी नजरेआड करून समर्थन करण्यात अर्थ नाही. पहिलीतली दोन-तीन महिने बोलीतून चालणारी शिकवणी, चौथीच्या दुसऱ्या सत्रात रोज पाऊण तास इंग्रजी, आणि गणिताच्या संज्ञा फळ्यावर दोन्ही भाषांत शेजारी शेजारी, एवढे तीन नेम पाळले तरी पाचवीतली पडझड कमी होते. ते पाळायला गावची बोली समजणारा शिक्षक लागतो, आणि तो निदान चार वर्षे तिथे राहावा लागतो. पहिलीतल्या मुलाला ज्याने हात धरून बसवले त्यानेच त्याला चौथीतून निरोप द्यावा, यासाठी ही चार वर्षे.

आता घराबाहेर पाठवण्याकडे येऊ. कॅनडाच्या निवासी शाळांचा इतिहास आता बऱ्याच जणांना माहीत आहे. साधारण दीड लाख आदिवासी मुले घरापासून तोडून त्या शाळांत ठेवली गेली, केंद्र सरकारने ११ जून २००८ रोजी संसदेत माफी मागितली, सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी दिल्या. पण निवासी शाळा बंद पडल्या म्हणून मूल घरी राहिले असे झालेले नाही. ऑन्टारिओच्या उत्तरेत, जिथे विमानानेच पोचता येते अशा अनेक वस्त्यांत शाळा आठवीपर्यंत, फार तर थोडी पुढे आहे. तेरा-चौदा वर्षांचे मूल थंडर बे या शहरात, परक्या कुटुंबाकडे पैसे देऊन ठेवले जाते. २००० ते २०११ या काळात अशी सात मुले त्या शहरात मरण पावली. त्यांच्या मृत्यूंच्या चौकशीने जून २०१६ मध्ये १४५ शिफारशी केल्या. इमारतींची हालतही सांगण्यासारखी आहे. त्याच उत्तर ऑन्टारिओतल्या अटावापिस्कॅट वस्तीच्या प्राथमिक शाळेखाली १९७९ मध्ये डिझेलची मोठी गळती झाली, शाळा बंद झाली ती २००० मध्ये, आणि नवी शाळा उघडली २०१४ मध्ये. मधली चौदा वर्षे मुलांनी शेजारच्या पोर्टेबल खोल्यांत काढली. आदिवासी राखीव भागातल्या शाळांचा खर्च केंद्राकडे आणि बाकी सगळे शिक्षण प्रांतांकडे, या वाटणीत ते घोंगडे भिजत पडले. १९९६ पासून केंद्राने त्या निधीची वाढ वर्षाला दोन टक्क्यांवर रोखून धरली होती, हेही त्यातच आले.

याउलट अलास्काने १९७६ मध्ये वेगळी वाट धरली. हायस्कूलसाठी आदिवासी मुलांना शेकडो, हजारो मैलांवर पाठवले जाते, ही तक्रार घेऊन काही विद्यार्थी न्यायालयात गेले होते. मॉली हूच हिच्या नावाने तो दावा ओळखला जातो. तडजोडीत सरकारने १२६ गावांत हायस्कूल देण्याचे मान्य केले. गावे लहान, पट त्याहून लहान. दोन-तीन शिक्षकांनी सगळे विषय शिकवायचे, म्हणून विज्ञान आणि गणित अनेक ठिकाणी कच्चे राहिले. हे दोष झाकण्यात हशील नाही. पण मूल घरी जेवून शाळेत जाऊ लागले.

पटाची अट काय करते, तेही अलास्कातच दिसते. १९९८ पासून तिथे दहापेक्षा कमी मुले असलेल्या शाळेला स्वतंत्र निधी मिळत नाही. पटाची मोजणी ऑक्टोबरच्या चौथ्या शुक्रवारी संपणाऱ्या वीस शालेय दिवसांत होते. त्यामुळे नववे आणि दहावे मूल कुठून आणायचे याची चिंता शरद ऋतूत अख्ख्या गावाला लागते. कार्लुक नावाच्या गावाची शाळा अशीच बंद झाली, तेव्हा २०२१ मध्ये गावाने मुले असलेल्या कुटुंबांनी राहायला यावे म्हणून चक्क जाहिरात दिली. शाळा गेली की तरुण जोडपी जातात, मग दुकान जाते. आपल्याकडे दुकानाच्या जागी कदंब बसची शेवटची फेरी म्हणा.

गोव्यातल्या विलीनीकरणाच्या हिशेबात ‘एक किलोमीटरवर दुसरी शाळा आहे’ असे लिहिलेले असते. शिक्षण हक्क कायद्याच्या आदर्श नियमांत पहिली ते पाचवीसाठी हे अंतर एक किलोमीटर धरले आहे, खरे. पण ते नकाशावर मोजतात. नेत्रावळी, वेर्ले, साळजिणी, खोतीगाव या भागांत वाडा आणि रस्ता यांच्यामध्ये व्हाळ म्हणजे ओढा असतो, व्हाळावर साकव म्हणजे छोटा पूल असतो, आणि जुलैच्या मुसळधार पावसात साकवावरून पाणी जाते. सहा वर्षांच्या मुलाचे अंतर जूनच्या अखेरीस, पायवाटेने, घड्याळ लावून मोजले पाहिजे. मोजणाऱ्याने सोबत तेवढेच मूल घ्यावे. मोठ्या माणसाला वीस मिनिटे लागतात तिथे मुलाला चाळीस लागतात, आणि दप्तर भिजते ते वेगळेच.

पट घटतो कसा, हेही विलीनीकरणाचा प्रस्ताव मांडणारे सांगत नाहीत. मुलांची ने-आण करणारे बालरथ, म्हणजे सरकारी योजनेतल्या बसगाड्या, अनुदानित शाळांना मिळाले, सरकारी प्राथमिक शाळांना नाही. अनुदानित शाळेची बस वाड्याच्या तोंडाशी येऊन थांबते आणि सरकारी शाळेत जायला चिखल तुडवावा लागतो, तर पालक काय करील? २०११ पासून इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान मिळू लागले, त्याने ओढ आणखी वाढली. स्वतःच्या धोरणाने पट ओसरू द्यायचा आणि मग पट नाही म्हणून टाळे लावायचे, हा न्याय आम्हाला पटत नाही.

लहान शाळा चालवायची तर वेळेचा हिशेब आधी करावा लागतो. कायद्याने प्राथमिकसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास ठरले आहेत, म्हणजे दिवसाला चार तास. एका शिक्षकाने चार इयत्ता वेगवेगळ्या शिकवायच्या म्हटल्या तर प्रत्येक इयत्तेला रोज एक तास मिळतो, आणि उरलेले तीन तास मूल वहीत रेघोट्या ओढते. म्हणून पहिली-दुसरी एक गट, तिसरी-चौथी दुसरा गट. प्रत्येकाला दोन तास. परिसर अभ्यास आणि भाषेचे पाठ दोन वर्षांच्या फेऱ्यात लावता येतात: यंदा दोन्ही इयत्तांना तिसरीचे, पुढच्या वर्षी दोन्हींना चौथीचे. गणिताला हा फेरा लावू नये, तिथे पायरी चुकली की मूल कायमचे मागे पडते. सकाळची पहिली चाळीस मिनिटे नेहमी पहिलीला द्यावीत, कारण तेवढी एकच इयत्ता स्वतःहून काम करू शकत नाही. आणि इथेच एक क्षुल्लक वाटणारी अडचण आडवी येते. पाठ्यपुस्तके इयत्तेच्या पटाप्रमाणे येतात. फेऱ्याने शिकवायचे तर तिसरीतल्या मुलाला चौथीचे पुस्तकही जूनमध्येच हवे. ते मिळत नाही, म्हणून फेरा कागदावर राहतो.

दुसरी अडचण मोठी. हे सगळे शिक्षक वर्गात असेल तरच. एकशिक्षकी शाळेतला शिक्षक मतदार याद्या करतो, यूडायस या सरकारी ऑनलाइन नोंदणीत शाळेची माहिती भरतो (रेंजसाठी टेकडी चढून), आहाराची नोंदवही ठेवतो, प्रशिक्षणाला जातो. तो गेला की शाळा बंद, किंवा शेजारच्या एकशिक्षकी शाळेतून माणूस आणायचा, म्हणजे ती बंद. वास्तविक शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असे स्पष्ट लिहिले आहे. एकशिक्षकी शाळा हीच मुळात कायद्याबाहेरची गोष्ट आहे, आणि तिच्या अपयशाचा पुरावा देऊन शाळा बंद करणे म्हणजे उलटे झाले. प्रत्येक लहान शाळेला दुसरा शिक्षक परवडत नसेल तर तीन शाळांमागे एक फिरता शिक्षक द्यावा. आठवड्याचे ठरलेले दिवस ठरलेल्या शाळेत, आणि मूळ शिक्षक बाहेर असेल तेव्हा तिथे हजर. अलास्कातही विशेष शिक्षक असेच गावोगाव फिरवले जातात, तेही विमानाने. इथे दुचाकी पुरते.

माध्यान्ह आहाराचे पैसे दर मुलामागे मिळतात. सहा मुलांची पाव-भाजी घेऊन डोंगर चढणाऱ्या स्वयंसाहाय्य गटाचा पेट्रोलचाही खर्च सुटत नाही. वीसपेक्षा कमी पटाला वाहतुकीची ठोक रक्कम वेगळी ठेवली की हा प्रश्न मिटतो.

वेळापत्रकाचे मात्र नूनावुतकडून सरळ उचलण्यासारखे आहे. तिथे प्रत्येक वस्तीत निवडून दिलेले शिक्षण मंडळ असते, आणि शाळेचे वर्ष कधी सुरू करायचे ते हे मंडळ ठरवते. कुठे शाळा ऑगस्टच्या सुरुवातीला उघडते, म्हणजे वसंतात कुटुंबे शिकारीला, मासेमारीला बाहेर पडतात तोवर वर्ष संपलेले असते. गोव्यात २०२५ मध्ये सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग ७ एप्रिलला सुरू झाले. शहरात चर्चा उकाड्याची झाली. सत्तरी आणि सांगेत एप्रिल म्हणजे ऐन काजूचा हंगाम. घरातले सगळे हात बागेत असतात, आणि अकरा-बारा वर्षांचे मूल बोंडे गोळा करायला हमखास लागते. चारशे घरांच्या गावाला स्वतःच्या दहा दिवसांची अदलाबदल करू देण्याने शिक्षण खात्याचे काय बिघडते? एकूण दिवस तेवढेच ठेवा, ठरवू द्या शाळा व्यवस्थापन समितीला.

सगळ्याच शाळा वाचवाव्यात असा आमचा हट्ट नाही. चार-पाच मुले, बारमाही सुरक्षित वाटेने पंधरा मिनिटांवर दुसरी शाळा, आणि पालकांची लेखी संमती, असे असेल तर खुशाल एकत्र करा. अंगणवाडी मात्र वाड्यातच ठेवा. बाकी ठिकाणी प्रस्तावासोबत तीन नोंदी जाहीर व्हाव्यात: त्या शाळेत गेल्या पाच वर्षांत किती शिक्षक आले-गेले, पद किती महिने रिकामे होते, आणि शिक्षक रोज कुठून येत होता. अनेक शाळांचा पट या तीन नोंदींबरोबर खाली आलेला दिसेल, असा आमचा अंदाज आहे.

शिक्षकाने डोंगराळ भागात राहावे असे वाटत असेल तर राहण्याची सोय द्या: दोन खोल्या, न्हाणीघर, पाण्याची टाकी, आणि त्या सोयीवर गावच्या उमेदवाराचाही तेवढाच हक्क. बदली चार वर्षांआधी नाही, आणि झाली तर मे महिन्यातच, सत्राच्या मध्ये नाही. पर्वरीच्या डाएट या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेतल्या पदविकेला सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या तालुक्यांतल्या दुर्गम गावांच्या उमेदवारांसाठी काही जागा राखाव्यात, आणि त्यांच्याकडून आपल्याच तालुक्यात ठरावीक वर्षे शिकवण्याची हमी घ्यावी. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. येत्या जूनला प्रवेश दिले तर त्यापुढच्या दुसऱ्या जूनला ही मुले-मुली शाळेत उभी राहतील. मधल्या काळात फिरत्या शिक्षकावर निभावता येईल.

आपले,
दोन निवृत्त प्राथमिक शिक्षक, सत्तरी